टाकीचं झाकण

तनुजानं वही हणमंताकडं सरकवली तेव्हा दयानंदचा भाकरी मोडणारा हात ताटातच थांबला. तसं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं. दुपारचे दोन वाजले होते, मेसची शेवटची पंगत उठून गेली होती, क्लासची पोरं पाठीवर दप्तरं टाकून ट्यूशनच्या गल्लीत पांगली होती, आणि घरचे चौघं जेवायला बसले होते. म्हणजे घरचे तिघं आणि हणमंत. पण दयानंदची बायको विशाखा आजकाल चौघंच म्हणायची. तनुजा बारावीला, सकाळी फिजिक्स आणि संध्याकाळी केमिस्ट्री, त्यामुळे तिची वही ताटाशेजारीच असायची. ती म्हणाली, "हणमंतदादा, हे बघा ना. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धारेनं येत नाही, गचके खात येतं. का? सरांनी दोन मार्कांना दिलंय." वही दयानंदच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होती. तिथून ती उचलली गेली, वरणाच्या पातेल्याला वळसा घालून पलीकडं गेली, आणि हणमंतानं उष्टा हात मागं धरून डाव्या हातानं ती नीट लावून घेतली. "सोपं आहे," हणमंत म्हणाला. "तेल बाहेर गेलं की आत जागा मोकळी होते. तिथं हवा शिरायला वाट पाहिजे. वाट नसली की बाहेरची हवा तेलाला आत दाबून धरते." पुढचं दयानंदला ऐकू आलं नाही. तो वहीकडं बघत होता. ज्याची सारी हयात पेट्रोल कुठून येतं, किती येतं आणि का अडतं यात गेली, त्या बापाच्या नाकासमोरून पोरगी परक्याला विचारते! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. तेवढ्यात विशाखानं विचारलं, "काय ओ, मोठ्या कुकरची जुनी रिंग खिळ्याला अडकवली होती की मी. कुठं गेली?" दयानंद म्हणाला, "मला काय म्हाईत." आणि भाकरीचा तुकडा कोरडाच तोंडात घातला.

हणमंत सहा महिन्यांपूर्वी आला. गावाबाहेरच्या धावपट्टीवर विमान शिकवणारी एक छोटी संस्था होती. एक हँगर, दोन सीटांची तीन विमानं, आणि पायलट व्हायला आलेली डझनभर पोरं. दयानंद तिथं दहा वर्षं मेकॅनिक होता. परवाना असलेला इंजिनियर अधूनमधून हैदराबादहून यायचा, दयानंदनं केलेल्या कामावर सह्या करायचा, चहा प्यायचा आणि जायचा. ते दयानंदला चालायचं. सही त्याची, काम आपलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिकवणारे कॅप्टन अनिमेष कोलकात्याकडचे, मराठी मोडकं बोलायचे, पण इंजिनानं जरा सूर बदलला की विमानातून उतरून थेट दयानंदकडं यायचे. "दयानंदजी, तुमचा कान काय म्हणतो?" दयानंद डोळे मिटायचा, ऐकायचा आणि सांगायचा. हा कान त्याला नांदेडला मिळाला होता. वजिराबादेत महादेवप्पा म्हणून एक मिस्त्री होते, देगलूरकडचे, जीप आणि अँबेसिडरच्या कार्बोरेटरचे बादशहा. ते पोरांना पहिले सहा महिने पान्याला हात लावू द्यायचे नाहीत. "पहिले ऐक. हात कोनाला बी हायेत," म्हणायचे. दयानंद सहा महिने नुसता ऐकत बसला होता. मग हणमंत आला, वय सत्तावीस, खिशात परवाना, कायम मुक्कामाला. त्या दिवसापासून कॅप्टननी कानाची चौकशी केली नाही. हणमंत उद्धट असता तर किती बरं झालं असतं! तो पहिल्याच दिवशी पाया पडला. "काका, मी पुस्तकातून शिकलोय. मला तुमच्याकडून पुष्कळ शिकायचंय." माणसाचा राग करायला काहीतरी धरायला लागतं, या पोराला धरायला कुठं कड नव्हती. राहायला खोली, जेवायला मेस शोधत होता, आणि दयानंदच्याच तोंडून निघून गेलं, आमच्याकडं जेवायला ये की. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

विशाखानं तिसऱ्याच दिवशी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. तो तेरणाकाठच्या गावचा. त्र्याण्णव साली गणपती बोळवून गाव दमून झोपलं होतं आणि पहाटे जमीन हलली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आई, वडील, धाकटी बहीण. तो एकटा न्हाणीच्या कोपऱ्यात सापडला. अकरा तास. मातीचं माळवद वरून आलं, पण न्हाणीचा दगड तिरका अडकला आणि मोरीचं भोक उघडं राहिलं. त्या भोकाला तोंड लावून तो पडून होता. "काकू, साबणाचा वास यायचा. हवा येतेय एवढंच कळायचं. मी मोजत होतो श्वास, चारशेपर्यंतच येत होते आकडे, मग पुन्हा एकपासून." विशाखा पदर तोंडाला लावून रडली. तनुजा आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. पुढं एका संस्थेनं त्याला पुण्याला नेलं, वसतिगृहात ठेवलं, शिकवलं, विमानाच्या इंजिनियरिंगला घातलं. त्या दिवसापासून विशाखा त्याच्या वाटीत दह्यावरची साय घालू लागली. त्या वेळी दयानंदच्या मनात जे आलं ते त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, देवापुढंसुद्धा नाही. त्याला त्या अकरा तासांचा हेवा वाटला होता. या पोराजवळ सांगायला अकरा तास होते. ऐकणाऱ्याचं पाणी व्हावं असे अकरा तास.

कारण भूकंप दयानंदलाही झाला होता; पण त्याला विचारतो कोण? त्याचं गाव शिरूर अनंतपाळकडं. तिथं माणूस मेलं नाही. भिंतींना भेगा पडल्या, माळवद एका बाजूला बसलं, दोन म्हशी गेल्या. सरकारी वर्गवारीत गाव 'क'मध्ये पडलं. 'अ'वाल्यांना नवी गावं, नवी घरं, परदेशचे पाहुणे, पुढारी, 'क'वाल्यांना डागडुजी. गावात त्या वेळी लोक चक्क बोलायचे, आपलं बी पडलं आस्तं तर बरं झालं आस्तं. दयानंद तेव्हा पंचविशीत होता. हैदराबादला विमान दुरुस्तीचा कोर्स झाला होता, नांदेडला महादेवप्पांकडं हात बसला होता, आणि परवान्याची शेवटची परीक्षा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होती. नांदेडच्या खोलीत भांडी वाजली तेव्हा तो पुस्तक उशाला घेऊन झोपला होता. दुसऱ्या दिवशी गावी पोचला तर वडील अंगणात बाजेवर बसलेले. ते घरात जायला तयार नव्हते. "तू जाऊ नगंस," एवढंच म्हणायचे. पुढं आठ महिने ते पत्र्याच्या खोलीबाहेर झोपले आणि दयानंद त्यांच्या पायथ्याशी. परीक्षा गेली. मग लग्न झालं, तनुजा झाली, लातूरला बिऱ्हाड आलं, क्लासेसचं पीक आलं तशी विशाखानं मेस काढली. भूकंपानं माझा परवाना नेला, हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं. भूकंपानं माझं नेलं आणि त्याला दिलं. रात्री गोधडीची ऊब यावी तशी या वाक्याची त्याला ऊब यायची. फक्त कधीतरी, दाढी करताना वगैरे, आठवायचं की परीक्षा पुढच्या वर्षीही होती, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. वडील तेव्हा घरात झोपत होते. फॉर्म आणूनही ठेवला होता. तो का भरला नाही, यापुढं तो विचार जाऊ देत नसे.

आता गेले दहा दिवस हँगरात मजा चालली होती. मजा हा शब्द त्यानं मनात वापरला आणि त्याला लाज वाटली, पण दुसरा शब्द नव्हता. तीनपैकी एक विमान जमिनीवर सुरेख चालायचं, उडायचंही सुरेख, आणि वीस-पंचवीस मिनिटं झाली की वर इंजिन गचके खायला लागायचं. कॅप्टन ते खाली आणायचे आणि धावपट्टीवर ते पुन्हा गुणी बाळासारखं चालू. असं चार वेळा झालं. हणमंत पुस्तक उघडून बसला. प्लग काढले, साफ केले, बदलले. गाळण्या काढल्या. पेट्रोलचा निळा नमुना काचेच्या नळीत धरून उन्हात पाहिला, पाण्याचा थेंब नाही. मग पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर उतरवला. त्यातला तरंगणारा फ्लोट पेट्रोलमध्ये बुडवून धरला, बुडबुडा येतो का म्हणून. बुडबुडा नाही. सुई नवी, जेट साफ, गॅस्केट नवं. मग त्याला बर्फाचा संशय आला. पावसाळी दमट हवेत कार्बोरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो आणि पेट्रोल-हवेची वाट चिंचोळी होते. हे दयानंदलाही ठाऊक होतं, पण हणमंतानं ते तनुजाला सांगितलं तेव्हा तिचे डोळे एवढाले झाले. "लातूरमध्ये? बर्फ?" "अगं, पंचवीस डिग्रीलासुद्धा. पेट्रोलची वाफ होताना गारवा होतो ना." तनुजा त्या दिवशी क्लासला जाताना बर्फाचंच बोलत गेली. हेच तिला बापानं सांगितलं असतं तर ती हूं म्हणाली असती. दयानंद पाने हातात देत होता, कपडा देत होता, टॉर्च धरत होता. "हाव, करून बघ की," म्हणत होता. विमान चौथ्यांदा गचके खात उतरलं तेव्हा हणमंत धावत इंजिनाकडं गेला आणि दयानंदही त्याच्या मागं धावला, मदतीला नव्हे, त्याचा चेहरा बघायला. त्या चेहऱ्यावर घाम होता, आणि दयानंदच्या पोटात गार वाटलं.

खरं तर विमान उतरल्याबरोबर दयानंदचं काम वेगळं होतं. दहा वर्षांचा शिरस्ता. शिडीचा घोडा लावायचा, पंखावर चढायचं, दोन्ही टाक्यांची झाकणं उघडून लाकडी पट्टी बुडवायची आणि किती उरलं ते लिहायचं. गेल्या चारही वेळा तो इंजिनापाशीच रेंगाळला. टाकीची पट्टी तासा-दोन तासांनी टाकली, कधी दुसऱ्या दिवशी. कुणी विचारलं नाही. दयानंदच्या कामात कधी खोट नसते, असं अजून तिथं सगळे धरून चालले होते.

शनिवारी सकाळी ठरलं की कॅप्टन आणि हणमंत दोघंच विमान नांदेडला नेऊन परत आणणार. वर गेल्यावर नेमकं काय होतं ते हणमंत स्वतः कानानं ऐकणार. "तुमच्यासारखं, काका," तो हसून म्हणाला. कानही आता त्यालाच पाहिजे होता! आधी जमिनीवर इंजिन पाऊण तास चालवलं, कधी मंद, कधी मोठ्यानं. एकदाही अडखळलं नाही. बंद केल्याबरोबर हणमंत म्हणाला, "काका, टाक्या काठोकाठ करा." दयानंद घोड्यावरून पंखावर चढला. दहा दिवसांत पहिल्यांदाच गरम इंजिनाच्या विमानाची टाकी तो लगेच उघडत होता. डाव्या झाकणाला हात घातला तर ते निघेना. त्यानं जोर लावला. झाकण एकदम सुटलं आणि टाकीनं लांब श्वास आत ओढला. हुस्स्स. थेट आत, खोलवर. मग थांबली.

दयानंद झाकण हातात धरून तसाच ओणवा राहिला. हे काय ते त्याला त्याच क्षणी कळलं. कान काही उगाच नव्हता. या विमानाच्या टाक्या झाकणातूनच श्वास घेतात. झाकणाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक असतं, पेट्रोल जसं खाली इंजिनाकडं उतरतं तशी त्या भोकातून हवा आत येते. त्यानं झाकण उलटं केलं. काळं रबर फुगून मऊ झालं होतं, जिलबीसारखं सुजलं होतं, आणि त्याची कड त्या भोकावर चढून बसली होती. कडेनं झिरपणारी हवा जमिनीवर पुरायची, वर इंजिन जास्त पेट्रोल ओढायचं तेव्हा पुरायची नाही, आणि उतरल्यावर तासा-दोन तासांत टाकीत ही ओढ उरायची नाही. हे रबर विमानाचं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी पावसाचं पाणी झाकणातून टाकीत शिरत होतं, मूळच्या रबराला चिरा पडल्या होत्या, नवीन यायला महिना लागणार होता. विमानाला कागदाशिवाय सुई लावायची नाही असा नियम. हणमंत आठ दिवस सुट्टीवर पुण्याला होता. आणि दयानंदनं विशाखाच्या स्वयंपाकघरातली खिळ्यावरची जुनी कुकरची रिंग आणली, खिशातल्या चाकूनं कापली, दोन्ही झाकणांना इतकी बेमालूम बसवली की पाणी बंद. हणमंत परत आल्यावर म्हणाला, "काका, पाणी यायचं थांबलं, कसं काय?" दयानंद म्हणाला, "थांबलं." त्या एका शब्दावर तो चार दिवस खुशीत होता. पुस्तकवाल्याला जे कळलं नाही ते आपल्या हातानं केलं. पेट्रोलनं रबर फुगतं हे त्याला माहीत नव्हतं का? नांदेडच्या पोरालाही माहीत असतं. पण रबर पेट्रोलात कुठं बुडतंय, वरच तर बसतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. वाफेचा विचार केला नाही. एकच भोक, तेल गचके खात येतं. वही वरणाच्या पातेल्याला वळसा घालून गेली होती तेव्हा हणमंतानं हेच सांगितलं होतं आणि आपण वहीकडं बघत बसलो होतो.

खालून हणमंताचा आवाज आला, "काका, झालं?" दयानंद म्हणाला, "व्हयलंय." पंखावर ऊन चटके देत होतं. गुडघे भाजत होते आणि डोकं मात्र विलक्षण स्वच्छ चाललं होतं. तीन वाटा दिसत होत्या. एक, रबर आत्ता चाकूनं उपटून खिशात घालायचं, झाकण नुसतं बसवायचं. आज पाऊस नाही. विमान नांदेडला जाऊन येईल, एक गचका खाणार नाही. मग कॅप्टन उतरून हणमंताच्या पाठीवर थाप मारतील, कार्बोरेटर त्यानं दुरुस्त केला म्हणून. दुपारी तनुजा टाळ्या वाजवेल, विशाखा खीर करेल. आपल्या रबरानं हा पोरगा हुशार ठरणार! हे त्याच्या घशाखाली उतरेना. दुसरी वाट, खाली उतरून सांगायचं. म्हणजे दहा वर्षांची अब्रू कुकरच्या रिंगेला टांगायची, तीही या पोरासमोर. आणि तिसऱ्या वाटेत काहीच करायचं नव्हतं. नुसतं झाकण लावायचं. तिसरी वाट सगळ्यांत सोपी होती, हेच भयंकर होतं. ती त्यानं निवडलीसुद्धा नाही, हातांनीच निवडली. टाक्या काठोकाठ भरल्या गेल्या, दोन्ही झाकणं वळवून घट्ट झाली, आणि तो घोड्यावरून खाली आला.

"काका, टाकी?" हणमंतानं विचारलं. "भरली." कॅप्टन डावीकडं बसले, हणमंत उजवीकडं. दार लावताना हणमंतानं बाहेर बघून अंगठा वर केला, लहान पोरं जत्रेच्या पाळण्यात बसल्यावर करतात तसा. नाकावरचा पंखा फिरला. दयानंद मागं सरला आणि सवयीनं डोळे मिटून ऐकू लागला. इंजिन सुरेख चाललं होतं. वर गेल्यावरही असंच चालेल, पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस. मग कुठं असतील? अहमदपूरच्या पुढं, खाली टेकड्या. आधी चार वेळा कॅप्टन धावपट्टीवरच घिरट्या घालत होते म्हणून उतरता आलं. आज धावपट्टी मागं राहणार होती. तो मनातल्या मनात मिनिटं मोजू लागला आणि मोजता मोजता त्याला भलतंच ऐकू आलं. एक, दोन, तीन, आठ वर्षांच्या पोराच्या आवाजात, चारशेपर्यंत, आणि पुन्हा एकपासून. साबणाचा वास. हवा येतेय एवढंच कळायचं. त्या मोरीच्या भोकात कुणी फडकं कोंबलं असतं तर? कुणी कशाला, मीच. माझ्या हातानं. हेवा वाटून.

विमान जागचं हललं होतं. दयानंद पळाला. चव्वेचाळिसाव्या वर्षी, पायात स्लीपर, तो पंख्याला वळसा घालून विमानाच्या पुढ्यात लांब जाऊन उभा राहिला आणि उजव्या हाताचा पंजा गळ्यावरून आडवा ओढला. इंजिन बंद करा. पुन्हा ओढला. पुन्हा. पंखा थांबेपर्यंत त्याचा हात गळ्यावरून जातच राहिला. हणमंत दार उघडून उडी मारून आला. "काका, काय झालं? तब्येत?"  त्यानं हणमंताचं मनगट धरलं, पंखाशी नेलं, घोड्यावर चढवलं. "ऐक," म्हणाला. "कान लाव, मग खोल." इंजिन थोडाच वेळ चाललं होतं, श्वास लहानसाच होता, पण होता. हुस्स. हणमंत घोड्यावरच थिजला. त्यानं झाकण उलटं केलं, रबर बोटानं चाचपलं, मग नाकाशी नेलं. पेट्रोलच्या वासाखाली अजून काही असावं. तो हळूच म्हणाला, "कुकरची?"

"हाव."

"कधी?"

"तू पुण्याला होतास तवा. पाणी येऊलालतं."

हणमंत खाली उतरून पंखाच्या सावलीत उकिडवा बसला आणि झाकण दोन्ही हातांत धरून श्वास घेत राहिला, मोठे मोठे.  दयानंदला वाटलं, हा आता उठून एक कानफटात देईल, आणि द्यावीच. कॅप्टन तिथवर आले. "क्या हुआ? सापडला?" हणमंतानं मान वर केली. "सापडला, सर. कार्बोरेटरमध्ये काहीच नव्हतं. झाकणाची हवा बंद होती. काकांनी पकडलं. आवाजावरून." कॅप्टननी दयानंदचे दोन्ही खांदे धरले. "मला माहीत होता! तुमचा कान!" सहा महिने ज्या शब्दांसाठी जीव तळमळला ते हे शब्द, आणि ते दुसऱ्याच्या ताटातून वाढले गेले होते.

ऑफिसात हणमंतानं बिघाडांचं रजिस्टर उघडलं. त्याचं अक्षर वळणदार होतं. त्यानं लिहिलं की टाकीच्या झाकणातलं रबर फुगून हवेची वाट बंद झाली, झाकणं काढली, दोष शोधणारे दयानंद. खाली सही, सहीखाली परवान्याचा आकडा. दहा वर्षांत त्या रजिस्टरात दयानंदचं नाव कधीच आलं नव्हतं. त्यानं ते दोनदा वाचलं. हणमंतानं रजिस्टर मिटलं नव्हतं, पेनही टोपण न लावता तिथंच ठेवलं होतं. दयानंद म्हणाला, "बसवलं कुनी ते लिहिलं न्हाईस."

"ते मला माहीत नाही, काका," हणमंत म्हणाला. त्याच्या आवाजात दया नव्हती, रागही नव्हता, थकवा होता. "मी सुट्टीवर होतो. ज्याला माहीत असेल त्यानं लिहावं."

या पोराकडं हेही होतं! दयानंदला आत कुठंतरी इतकं जळालं, जितकं परवान्यानं, सायीनं, वहीनं कधी जळालं नव्हतं. परवाना एक वेळ परीक्षेला बसून मिळाला असता. हे कुठं मिळतं? मेलो असतो तुमच्या हातानं, असं न म्हणता पेन पुढं ठेवायचं, हे कोणत्या वसतिगृहात शिकवतात? त्यानं पेन उचललं. अक्षर गिचमिड आलं, कारण लिहायची सवय नव्हती. "झाकणाला घरच्या कुकरचे रबर मी बसवले होते. आज उड्डाणाआधी दोष कळूनही झाकण लावले. मग थांबवले." दुसरं वाक्य लिहायची काहीच गरज नव्हती. ते कुणालाच ठाऊक झालं नसतं. त्यानं सही केली, खाली आकडा लिहायला जागा होती, ती मोकळी राहिली. हणमंतानं वाचलं. वर पाहिलं.  मग रजिस्टर हळूच मिटलं आणि कॅप्टनकडं दिलं. कॅप्टननी वाचून चष्मा काढला. "हे तर वर पाठवावं लागेल, दयानंदजी. तोपर्यंत घरी बसा."

त्या दिवशी हणमंत जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानं खोलीवर डबा मागवला, आणि विशाखानं तो भरताना दह्यावर साय घातली. काय झालं ते दयानंदनं तिला सांगितलं होतं, पहिल्यापासून, रिंगेपासून.  "पोरगं हवा कोंडायला भितंय ओ अजून," एवढंच म्हणाली, "खिडकी लावून झोपत न्हाई." हे तिला ठाऊक होतं, दयानंदला नव्हतं.

सोमवारी दुपारी मेसचा तेलाचा नवा डबा उघडायचा होता. घरी बसलेल्या माणसाला अशी कामं सांगतात. दयानंदनं खिळा आणि हातोडी घेतली, कोपऱ्यात एक भोक पाडलं, खिळा उपटला आणि समोरच्या कोपऱ्यावर धरला. तनुजा वही मिटून बघत उभी होती. तिला सगळं कळलं होतं की अर्धंच, त्याला विचारायचा धीर झाला नव्हता. ती म्हणाली, "पप्पा, दुसरं कशाला पाडायचं, माहीत आहे?"

माहीत आहे, असं त्याच्या ओठांवर आलं. हवा, दाब, नांदेड, महादेवप्पा, दहा वर्षं, एवढं सगळं जिभेवर येऊन उभं राहिलं. पोटात दुखायचं ते दुखतच होतं. ते काही एका सहीनं जाणार नव्हतं. त्यानं हातोडी खाली ठेवली.

"तू सांग," तो म्हणाला.

तिनं सांगायला सुरुवात केली. तेल बाहेर गेलं की आत जागा मोकळी होते. तिथं हवा शिरायला वाट पाहिजे. शब्दन् शब्द हणमंताचा होता, हात हलवायची तऱ्हासुद्धा त्याचीच. दयानंदनं या वेळी शेवटपर्यंत ऐकलं, मग खिळ्यावर घाव घातला.